प्रत्येक खड्डा बँडगॅप नसतो

कंपनांचा आलेख काढला की त्यात खड्डे दिसतातच. अ‍ॅल्युमिनियमची साधी पट्टी दोऱ्यांनी टांगा, एका टोकाला हातोडीने हलकी टिचकी मारा, दुसऱ्या टोकाला सेन्सर चिकटवा. पडद्यावर शिखरं उमटतात आणि त्यांच्या मध्ये खोल दऱ्याही. त्यातली बरी दिसणारी दरी निवडून तिच्याभोवती लाल चौकट काढायची आणि खाली 'बँडगॅप', म्हणजे कंपनं पार न जाऊ देणारा वारंवारतांचा पट्टा, असं लिहायचं, एवढ्यावर भागवलेले प्रबंध मी वाचले आहेत. म्हणून पीएचडीसाठी हा विषय घेतला तेव्हा सरांना पहिल्याच बैठकीत म्हणाले, गॅप तयार करण्यापेक्षा तो गॅपच आहे हे सिद्ध कसं करायचं त्यावर मला काम करायचंय. सर हसले. म्हणाले, "करा, पण उपकरणं आहेत तेवढ्यातच."

उपकरणं म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये असतात तेवढीच. बल मोजणारी एक हातोडी, ॲक्सेलरोमीटर म्हणजे कंपन मोजणारा सेन्सर, चार चॅनेलचा डेटा घेणारा डबा आणि लॅपटॉप. लेझरने कंपन मोजायचं यंत्र आम्ही चित्रातच पाहिलेलं.

आधी विषय थोडक्यात. एकच तुकडा समान अंतरावर पुन्हापुन्हा जोडून रचना केली, की काही वारंवारतांची कंपनं तिच्यातून आरपार जातात आणि काही आतच विरतात. न जाणाऱ्या वारंवारतांचा सलग पट्टा म्हणजे बँडगॅप. लिऑन ब्रिल्वाँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ साली आवर्ती रचनांमधल्या लाटांवर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅलेचं काम तर त्याच्याही आधीचं, १८८७ चं. मला स्वतःला या विषयाकडे ओढलं ते माद्रिदच्या शिल्पाने. एउसेबिओ सेम्पेरे या शिल्पकाराने पोकळ पोलादी नळ्या ओळीने उभ्या करून एक गोल शिल्प केलं होतं. ते करताना त्याच्या मनात ध्वनिशास्त्र नव्हतं. १९९५ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी त्या नळ्यांच्या जंगलातून आवाज सोडून मोजला, तर १६७० हर्ट्झच्या आसपास तो दबलेला आढळला. नळ्यांच्या ओळींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून जोर धरत होत्या, त्यामुळे आवाज पुढे न जाता मागे परतत होता.

हा झाला पहिला प्रकार, ब्रॅग या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा. यात तुकड्यांमधलं अंतर साधारण अर्ध्या तरंगलांबीइतकं लागतं. म्हणजे वारंवारता कमी हवी असेल तर रचना लांबच लांब होत जाते. दुसरा प्रकार २००० साली हाँगकाँगच्या गटाने दाखवला: शिशाच्या गोळ्यांवर मऊ सिलिकॉन रबराचा थर देऊन त्या इपॉक्सीत बसवल्या, अंतर जेमतेम दीड सेंटीमीटर, आणि ध्वनी अडला तो ४०० हर्ट्झच्या आसपास. त्या वारंवारतेला तरंगलांबी दीड सेंटीमीटरच्या कितीतरी पट मोठी असते. इथे अंतर काम करत नाही, प्रत्येक गोळीची स्वतःची लय काम करते.

हे कसं होतं ते वर्गात मी रबरबँडने दाखवते. रबरबँडला खाली छोटं कुलूप बांधायचं आणि वरचं टोक हातात धरून हात वरखाली करायचा. हळू हलवला तर कुलूप हाताबरोबर जातं. वेग वाढवत एका टप्प्यावर ते बेफाम उड्या मारतं. त्याच्याही पुढे गेलात की हात वर जाताना कुलूप खाली येतं. उलट्या दिशेने ओढणारं हेच कुलूप पट्टीवर ओळीने बसवलं, तर त्या वारंवारतांना पट्टी हलू पाहते तेव्हा सगळी कुलपं तिला मागे खेचतात. हिशेबात पट्टीचं वस्तुमान चक्क ऋण होतं. मुलांना 'ऋण वस्तुमान' म्हटलं की ती गोंधळतात, कुलूप पाहिलं की नाही.

आम्ही दुसरा प्रकार निवडला, आणि रबर टाळलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लॅबचं छत पत्र्याचं. सकाळचं रबर आणि दुपारचं रबर यांची ताठरता वेगळी, म्हणजे गॅपही सरकता. स्प्रिंग म्हणून हॅकसॉ ब्लेड घ्यायचं ठरलं. सहज मिळतं, जाडी बरीचशी एकसारखी असते, आणि पोलाद चांगलं असतं.

रचना अशी: २५ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड आणि १.२ मीटर लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. दर ६ सेंटीमीटरला तिच्यावर आडवा बसवलेला ब्लेडचा तुकडा, दोन्ही बाजूंना ३५ मिलिमीटर बाहेर आलेला, आणि दोन्ही टोकांना अ‍ॅराल्डाइटने चिकटवलेला एकेक एम-८ नट. दोन्ही बाजूंना सारखंच वजन असल्यामुळे पट्टी पिळली जात नाही, वरखालीच हलते. मधला भाग छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीखाली दोन स्क्रूंनी दाबलेला, कारण कडक ब्लेडला भोक पाडायला गेलं तर ड्रिलचं टोक जातं नाहीतर ब्लेड तडकतं. असे २० तुकडे. प्रत्येक तुकड्याला आम्ही लॅबमध्ये 'खण' म्हणायचो. माळवदाच्या, म्हणजे खणाखणांच्या मातीच्या छताच्या घरात वाढलेल्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात चाळीस नट मागितले आणि वर म्हटलं, सगळे एकाच पेटीतले द्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नट तो नटच. काय बनवायलात एवढं?" त्याला सांगितलं की पट्टीवर लावून हलवायचेत. त्याने पेटी माझ्यापुढे सरकवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गॅप कुठे पडावा हे आम्ही विजेकडे बघून ठरवलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मोजणीत तिची गुणगुण ५०, १००, १५० अशा आकड्यांना घुसतेच, मग ते लॅपटॉपच्या चार्जरमुळे असो की भिंतीतल्या वायरिंगमुळे. म्हणून गॅप १०० आणि १५० च्या मधल्या मोकळ्या जागेत बसवायचा. हिशेब सोपा आहे. ब्लेडच्या एका बाजूच्या बाहेर आलेल्या भागाची ताठरता निघते मीटरला साधारण ३६०० न्यूटन, टोकावरचं वजन नट आणि गोंद धरून ६ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे स्वतःची वारंवारता १२२ हर्ट्झच्या आसपास. गॅप तिथे सुरू होतो आणि संपतो कुठे, ते टोकांच्या वजनाचं एका खणातल्या उरलेल्या वजनाशी गुणोत्तर किती यावर ठरतं. एका खणात पट्टी, चकती, स्क्रू मिळून ३५ ग्रॅम आणि दोन टोकांचे १२ ग्रॅम, गुणोत्तर ०.३५. त्यात १ मिळवून वर्गमूळ घेतलं की १.१६. सुरुवातीच्या वारंवारतेला याने गुणलं की वरची कड मिळते. सगळे ब्लेड एकाच वारंवारतेचे ठेवून जास्त रुंद गॅप हवा असेल तर जास्त वजन टांगा, दुसरा मार्ग नाही. फुकट काही मिळत नाही हे या सूत्रात फार स्पष्ट दिसतं.

त्या वारंवारतेला पट्टीतल्या लाटेची लांबी ६० सेंटीमीटरच्या घरात येते, खण ६ सेंटीमीटरचा. दहापट. हेच अंतर ठेवून ब्रॅगच्या भरवशावर राहिलो असतो तर गॅप ३००० हर्ट्झच्याही वर पडला असता, जिथे कारखान्यातल्या मोटारीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बांधणीपेक्षा जुळवणीने जीव खाल्ला. पाती, म्हणजे नट लावलेले ब्लेडचे तुकडे, बसवून झाल्यावर प्रत्येकाची वारंवारता तपासली तर ती ११३ ते १२२ हर्ट्झ अशी पसरलेली. ब्लेडची लांबी अर्ध्या मिलिमीटरने चुकली, गोंद कमीजास्त झाला, स्क्रू कमीजास्त आवळला, की एवढा फरक पडतोच. शिवाय चकतीखालची पकड कागदावर मानतो तेवढी घट्ट कधीच नसते, त्यामुळे सरासरीही हिशेबापेक्षा खाली आलेली. तपासायची रीत अशी: तो खण बाकावरच्या व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, सेन्सर पकडीजवळ चिकटवायचा, शेजारची पाती बोटांनी दाबून ठेवायची आणि एकच पाते नखाने छेडायचं. सेन्सर पात्यावर लावायची सोय नाही, कारण तो स्वतःच नटाएवढा जड.

आम्ही ११८ हर्ट्झ हा आकडा पक्का केला. जे पाते वर वाजतं त्याच्या नटावर एम-सीलचा कण लावायचा, जे खाली वाजतं त्याचा नट कानशीने घासायचा. १२२ वरून ११८ वर यायला जेमतेम ०.४ ग्रॅम लागतात, ११३ वरून वर न्यायला अर्धा ग्रॅमहून थोडं जास्त घासावं लागतं. वर्कशॉपमधले मामा दोन पात्यांनंतर म्हणाले, "मॅडम, हे तर पेटी सुरात लावायचं काम झालं." आणि मग बहुतेक पाती त्यांनीच जुळवली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर, आणि कानशीच्या किती घासण्यांना किती हर्ट्झ चढतात याचा अंदाज त्यांना पडद्याकडे न बघता येऊ लागला होता. शेवटी सगळी ११७ ते ११९ च्या आत आली. याहून बारीक जुळवणीला अर्थ नव्हता; स्क्रू पुन्हा आवळला की तेवढं सरकतंच.

टांगणी: शिंप्याकडचं रुंद इलास्टिक, पट्टीच्या दोन ठिकाणी. इलास्टिकवरचा झोका दोन-तीन हर्ट्झचा, आमच्या कामाच्या वारंवारतांपासून बराच दूर. पट्टी टेबलावर ठेवून किंवा शिकंज्यात पकडून मोजली तर टेबलही मोजणीत शिरतं.

आता मोजणी. पहिला निर्णय हा की सेन्सर हलवायचा नाही, हातोडी हलवायची. वाचायला उलटं वाटेल, कारण आपल्याला तर हवंय पट्टीवर ठिकठिकाणी कंपन किती उरतं ते. पण सेन्सर पाच ग्रॅमचा, खण ३५ ग्रॅमचा. सेन्सर या खणावरून त्या खणावर नेला की दर वेळी रचनाच बदलते. त्यावर तोडगा भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचा. इथे बल देऊन तिथे मोजा किंवा तिथे बल देऊन इथे मोजा, उत्तर सारखंच, हे त्याने १८६४ मध्ये संरचनांसाठी मांडलं आणि रॅलेने पुढे कंपनांना लागू केलं. मग सेन्सर एका टोकाला कायमचा चिकटवला आणि हातोडी खणाखणावर नेली. रचना तीच राहते, सेन्सरचं वजनही तिचाच भाग होऊन जातं.

हातोडीला रबराचं मऊ टोक लावलं. पोलादी टोकाने मारलं तर ऊर्जा कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरते आणि आपल्या १२० हर्ट्झच्या वाट्याला फार थोडी येते. टांगलेली पट्टी हलकी असते, टिचकी बसली की मागे जाते आणि परत येऊन हातोडीला दुसऱ्यांदा भिडते. पडद्यावर बलाची दोन शिखरं दिसली की ती टिचकी रद्द. हे मनगटाचं काम आहे. विद्यार्थ्यांपैकी जो उत्तम कॅरम खेळायचा त्याला हे सर्वांत आधी जमलं. नोंदणी दर टिचकीमागे ४ सेकंदांची, म्हणजे वारंवारतेत पाव हर्ट्झचा बारकावा. पट्टी तेवढ्या वेळात बहुतेक शांत होते. शांत होण्याआधी नोंद तोडली तर आलेखातली शिखरं बुडाशी पसरतात, आणि मग खड्ड्याची कड कुठे आहे यावर वाद घालत बसावं लागतं.

कोरी पट्टी आधी मोजली, पाती न लावलेली. हे बरेच जण टाळतात. कोऱ्या पट्टीची शिखरं हिशेबाशी जुळली तरच पुढच्या मोजणीवर बोलता येतं, आणि दुसरं म्हणजे कोऱ्या पट्टीच्या आलेखातही पुरेसे खोल खड्डे असतात हे एकदा डोळ्यांनी बघून ठेवावं लागतं. आमच्याकडे असा एक खड्डा ३० डेसिबलच्याही खाली गेलेला होता. त्यावर लाल चौकट काढली असती तर छान बँडगॅप झाला असता. तो होता प्रतिअनुनाद: दोन अनुनादांची (पट्टी ज्या वारंवारतांना सर्वांत जोरात हलते त्यांची) योगदानं त्या एका जागी, त्या एका वारंवारतेला एकमेकांना खोडतात. टिचकीची जागा एक खण सरकवली की हा खड्डा दुसऱ्या वारंवारतेवर जाऊन बसतो.

पाती लावलेल्या पट्टीच्या आलेखात ११७ च्या सुमारास जमीन खचल्यासारखी खाली गेली आणि १३६ च्या पुढे परत वर आली. पलीकडच्या टोकाला मारलेल्या टिचकीचं तिथे जवळपास काही पोहोचत नव्हतं. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, थांबा.

पहिली कसोटी जागेची. टिचकी प्रत्येक खणावर मारून वीसच्या वीस आलेख एकावर एक ठेवले. पट्ट्याच्या बाहेरचे खड्डे इकडेतिकडे पळत होते, प्रत्येक आलेखात वेगळीकडे. ११७ ते १३६ हा भाग मात्र कुठेही टिचकी मारली तरी हलला नाही. सेन्सरजवळच्या खणांसाठी तो उथळ होता, पण होता तिथेच.

दुसरी कसोटी माझ्या मते खरी. एक वारंवारता घ्यायची, गॅपच्या मधोमध, १२७ हर्ट्झ. आडव्या अक्षावर खणाचा क्रमांक, उभ्यावर कंपन डेसिबलमध्ये. बँडगॅप असेल तर प्रत्येक खण ठरावीक प्रमाणात कंपन गिळतो, त्यामुळे डेसिबलमध्ये सरळ उताराची रेष यायला हवी. आमची रेष थोडी लहरत, पण सरळ खाली गेली, दर खणाला ४ डेसिबल. म्हणजे एका खणात कंपनाचा आकार ६३ टक्क्यांवर येतो, पाच खणांत एक दशांशावर. ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या हिशेबातही हाच उतार येत होता. आता तीच आकृती ९० हर्ट्झला काढली तर उतार नाहीच, नुसती लाट: कुठे जास्त, कुठे कमी, शेवटच्या खणापर्यंत. आणि कोऱ्या पट्टीच्या त्या दिमाखदार प्रतिअनुनादावर काढली, तर एकाच खणावर खोल टोक आणि शेजारी सगळं पूर्ववत. तिन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या की बोलायची गरज उरत नाही.

अनेक शोधनिबंधांत पट्टीच्या लांबीवरच्या मोजण्यांचं फूरिअर रूपांतर (कंपन साध्या लाटांत फोडायची गणिती रीत) घेऊन तरंगसंख्येची, म्हणजे ठरावीक लांबीत किती लाटा मावतात त्याची, आकृती काढतात, ती फार देखणी दिसते. आम्हीही काढली. पण आमच्या पट्टीवर लाटा मावतात दोन, आणि दोन लाटांवरून तरंगसंख्या काढायची म्हणजे ढोबळ ठिपके मिळतात. परीक्षकांना आवडेल म्हणून ती आकृती परिशिष्टात गेली. निष्कर्ष मी उतारावरूनच काढले.

उताराची रेष बाराव्या-तेराव्या खणापर्यंत छान गेली आणि मग आडवी झाली. एका विद्यार्थ्याने लगेच तर्क केला की गॅप तिथपर्यंतच चालतो. पण २० खणांना ४ डेसिबलने ८० डेसिबल होतात, आणि आमच्या उपकरणांचा तळच ५० च्या आसपास. त्याच्या खाली जे दिसतं ते पट्टीचं कंपन नव्हे. तो पंखा असतो, रस्त्यावरचा ट्रक असतो, टिचकीचा हवेतून आलेला आवाज असतो. याची खूण आहे कोहेरन्स. टिचकी आणि प्रतिसाद यांचा संबंध पक्का असेल तर तो १ च्या जवळ असतो. गॅपमध्ये दूरच्या खणांसाठी तो कोसळला होता. कोसळलेल्या कोहेरन्सचा अर्थ 'इथे मोजणी वाया गेली' एवढाच घेऊन आलेख फेकून देणारे असतात, आणि खालचे आकडे खरे मानून 'माझा गॅप ७० डेसिबल खोल' असं लिहिणारेही असतात. मी लिहिलं: किमान ५० डेसिबल. त्याच्या खाली बोलायचा आमच्या उपकरणांना अधिकार नाही.

तळ खाली न्यायचे उपाय म्हणजे पंखे बंद, जास्त टिचक्यांची सरासरी, केबल टेपने बांधून ठेवणं. सर्वांत मोठी मदत झाली ती वीज गेल्याने. एका दुपारी मोजणी चालू असताना लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर, डेटाचा डबा यूएसबीवर. आणि ५०, १००, १५० वरची ती टोकं पडद्यावरून एकदम गायब. तळ काही डेसिबलने खाली. त्यानंतर लॅबचा मेन स्विच आम्ही आपणहून पाडू लागलो. मामांनी दारावर पाटी लावली, 'मोजणी चालू आहे, दार आपटू नये'. घामाने टिचकी मारणाऱ्याचे हात निसटायचे, ते वेगळं.

कडांविषयी थोडं. हिशेब म्हणत होता ११८ ते १३७, मोजलं ११७ ते १३६. दोन्हीकडे एकेक हर्ट्झ, म्हणजे पात्यांच्या जुळवणीत जेवढा पसारा होता तेवढाच. याहून मजेदार होतं ते खालच्या कडेच्या अलीकडचं दृश्य. पात्यांच्या वारंवारतेच्या जवळ जाताना लाट आखूड होत जाते, त्यामुळे पट्टीचे बरेच अनुनाद ११८ च्या खाली दाटीने गोळा होतात. कागदावर ते कंगव्यासारखे वेगवेगळे काढता येतात. खऱ्या पट्टीत थोडं अवमंदन, म्हणजे कंपन जिरणं, असतं, स्क्रूच्या पकडीतलं, गोंदातलं, आणि ते दात एकमेकांत मिसळून एक खरखरीत उंचवटा दिसतो. त्या उंचवट्याचा व्यवहारातला अर्थ धोक्याचा आहे. गॅपच्या जरा अलीकडे कंपन आधीपेक्षा वाढू शकतं. मोटारीचा वेग थोडा घसरला की ती गॅपमधून बाहेर पडून थेट त्या दाटीत. वाळूजमधल्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या इंजिनिअरला हे दाखवलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता: "आमचा लोड बदलला की काय होईल?" निबंधांत गॅपची रुंदी असते, या शेजाराबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

औसा तालुक्यातला एक विद्यार्थी या सगळ्यात सुरुवातीपासून होता. त्याने विचारलं, "मॅडम, असं जमिनीत करून भूकंप अडवता येईल का?" त्याच्याच तालुक्यातल्या किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली, हजारोंनी जीव गेले. हा मुलगा त्याच्या कितीतरी नंतर जन्मलेला, पण त्याचं घर पुनर्वसनातलं. अशा प्रश्नाला 'तत्त्वतः हो' म्हणून सोडता येत नाही. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. फ्रान्समध्ये ग्रनोब्लजवळ २०१२ साली जमिनीत ३२ सेंटीमीटर व्यासाच्या, ५ मीटर खोल भोकांची जाळी पाडून प्रयोग झाला, भोकांमधलं अंतर १.७३ मीटर. तिथे यंत्राने दिलेली ५० हर्ट्झची लाट भोकांनी खरोखर परतवली. पण इमारती पाडणारा हादरा बहुतेक १० हर्ट्झच्या खालचा, बऱ्याचदा एक-दोन हर्ट्झचा. मऊ मातीत पृष्ठलाट सेकंदाला ३०० मीटर धरली तर १ हर्ट्झला लाटेची लांबी ३०० मीटर. ब्रॅग पद्धतीने दोन भोकांत दीडशे मीटर अंतर लागेल, आणि अशा अनेक ओळी. अनुनादी पद्धतीने अंतर कमी होईल, पण मग आमचं गुणोत्तराचं सूत्र येतं: हलणाऱ्या जमिनीच्या तुलनेत भरपूर वजन टांगावं लागतं. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे घरच नीट बांधावं लागंल." तेवढं तर लागेलच. आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांची जोडणी, हलकं छप्पर यांनी वाचणारे जीव बँडगॅपची वाट बघत नाहीत.

दुसरा प्रश्न हमखास येतो तो औंढ्याचा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार, तिथे कंपनांपासून बचावासाठी हेच वापरतात का? नाही. लायगोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकांवर टांगतात. लोलक स्वतःच्या वारंवारतेच्या वरचं सगळंच दाबत जातो, वर मर्यादा नाही. बँडगॅप फक्त एक पट्टा दाबतो. एकाच वेगाने फिरणाऱ्या यंत्रासाठी पट्टा पुरतो, वेधशाळेला पुरत नाही.

शेवटचा प्रयोग सरांच्या आग्रहाने केला: सगळी पाती ११८ ला न ठेवता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू चढती ठेवायची, ११० ते १३०. मामांनी एवढ्या कष्टाने जुळवलेली पाती पुन्हा विस्कटायची म्हणून ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. गॅप रुंद झाला, खाली ११० च्या आसपासपासून वर १४० च्या पुढेपर्यंत, पण उथळ. कारण आता कुठल्याही एका वारंवारतेला वीसपैकी थोडीच पाती मनापासून विरोध करतात. उताराची आकृती काढली तर १२७ हर्ट्झला रेष काही खणांपर्यंत जवळपास आडवी, मग तीव्र उतरती, मग पुन्हा आडवी. कुठल्या खणांनी कंपन गिळलं ते बोट ठेवून दाखवता येत होतं. वाळूजच्या त्या इंजिनिअरना हीच आवृत्ती पसंत पडली, कारण त्यांचा लोड बदलतो आणि त्यांना २० डेसिबल मिळाले तरी चालतात. त्यांच्या कॉम्प्रेसरच्या पायाखालच्या चौकटीचं माप घेऊन झालंय. चौकट पोलादी चॅनेलची आहे, एका खणाचं वजन आमच्या पट्टीच्या कित्येक पट. तेवढ्या वजनाला एम-८ नट पुरणार नाहीत, म्हणून ०.३५ चं गुणोत्तर राखायला किती किलोची टोकं लागतील आणि ती पेलायला कुठली पाती घ्यायची, याचा तक्ता सध्या मामा आणि मी बसून करतोय.